ड्रिलचा वेग कसा बदलतात?

सुतारकामाच्या कारखान्यात खांबावर बसवलेले ड्रिलचे यंत्र तुम्ही पाहिले असेल. दांडा खाली ओढला, की फिरते पाते लाकडात शिरते आणि सरळ भोक पडते. मात्र ६ मिलिमीटरचे भोक सफाईने पाडणारे हेच यंत्र, ५० मिलिमीटरचे रुंद पाते लावले की लाकूड जाळू लागते. कडा काळ्या पडतात, धूर येतो. असे का बरे होते?

थोडा हिशेब करू. पात्याच्या कडेवरचा बिंदू एका फेऱ्यात व्यासाच्या ३.१४ पट अंतर तोडतो. यंत्र मिनिटाला २,८८० फेरे घेत असेल, तर ६ मिलिमीटरच्या पात्याची कड मिनिटाला सुमारे ५४ मीटर जाते. हा सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग झाला. ५० मिलिमीटरच्या पात्याची कड मात्र तेवढ्याच वेळात ४५२ मीटर धावते, म्हणजे ताशी २७ किलोमीटर! या घर्षणाने उष्णता निर्माण होते. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने ती जागच्या जागी साठते. लाकूड करपते आणि पात्याची धार जाते. म्हणून नियम असा : पाते जितके रुंद, तितके फेरे कमी.

पट्टा आणि कप्प्या

जुनी युक्ती पायऱ्यांच्या कप्प्यांची. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते. तिच्यावरील ५० मिलिमीटरच्या कप्पीवरून पट्टा १५० मिलिमीटरच्या कप्पीवर नेला, की पाते ४८० फेरे घेते. पण दर वेळी यंत्र थांबवून पट्टा सरकवावा लागतो आणि मधले वेग मिळत नाहीत.

विजेची आवर्तने बदलली तर?

चार ध्रुवांच्या प्रवर्तन मोटरमध्ये सेकंदाला ५० आवर्तनांची वीज सोडली, की चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते. मोटरचा फिरता भाग थोडा मागे राहतो, म्हणून १,४४०. आवर्तने २५ केली, की वेग साधारण निम्मा! व्ही.एफ.डी. नावाचे उपकरण हेच करते. ते घरातील वीज आधी एकदिश करते आणि मग अतिवेगाने उघडझाप करणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने हव्या त्या आवर्तनांची तीन फेजची वीज तयार करते. त्यासाठी ड्रिलला तीन फेजची मोटर बसवावी लागते. मग एक बटण फिरवले, की झाले.

तरीही पट्टा काढून टाकू नये. कप्प्यांनी वेग एक तृतीयांश केला, तर फिरवण्याचा जोर जवळजवळ तिप्पट होतो. व्ही.एफ.डी.ने वेग उतरवला, तर जोर फार तर तेवढाच राहतो. शिवाय मोटरचा पंखाही मंदावून ती तापते. म्हणून रुंद भोकासाठी आधी पट्टा मंद पायरीवर घ्यावा आणि मग बटणाने वेग जुळवावा.

मात्र मित्रांनो, ही जोडणी जाणकार वीजतंत्रज्ञाचेच काम आहे. वीज बंद केल्यावरही उपकरणातील धारित्रांत काही वेळ घातक विद्युत् भार राहतो.

आता तुम्ही सांगा : २० मिलिमीटरच्या पात्याची कड मिनिटाला ७५ मीटर जायला हवी, तर फेरे किती? (उत्तर : सुमारे १,२००)