निळा मुलगा आणि हरप्पाचा घोडा

मिरजेच्या एका वाचक बाईंच्या पत्रानं माझ्या आवडीच्या विषयाची खपली काढली आहे, आणि आता गप्प बसवत नाही. बाई दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोची नर्तकी पाहून आल्या. लिहितात, ‘पुस्तकात पानभर होती हो. काचेत बघितली तर जेमतेम अर्धी वीत! पुस्तकानं फसवलं म्हणायचं का?’

फसवलं नाही, पण सांगायला हवं ते गाळलं. नर्तकीची उंची १०.५ सेंटीमीटर. तो शाल पांघरलेला ‘पुरोहित-राजा’ही १७.५ सेंटीमीटरचाच. १९२५-२६ च्या हंगामात तो काशीनाथ नारायण दीक्षितांना सापडला. दीक्षित मूळचे पंढरपूरचे, पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. हा पुतळा पानभर छापला की कुणा सम्राटाच्या दरबारात उभे आहोत असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात त्याचा छातीखालचा भाग तुटून गेलेला आहे, आणि तो पुरोहित होता की राजा की आणखी कुणी, याला पुरावा नाही. मोहेंजोदडोत राजवाडा किंवा देऊळ म्हणून सर्वांना मान्य होईल अशी एकही इमारत मिळालेली नाही.

म्हणून प्राचीन इतिहासाचं नवं पुस्तक हातात आलं की मी प्रस्तावना नंतर वाचतो, आधी चित्रओळी वाचतो. मजकुरात लेखक सावध असतो; चित्रांखालच्या ओळी बहुधा शेवटच्या घाईत लिहिल्या जातात, आणि तिथं त्याचं खरं वाचन उघडं पडतं. वस्तूचं माप दिलंय का, हे पाहायला सोपं. ती वस्तू मूळची किती आणि दुरुस्तीतली किती, हे सांगणारे लेखक मात्र विरळा.

क्रीटमधल्या नॉसॉसचंच घ्या. आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली तिथं खोदायला सुरुवात केली आणि भिंतीवरच्या एका चित्राचे तुकडे मिळाले. केशराची फुलं, कुंड्या, आणि त्यांत वाकलेली एक निळी आकृती. डोकं गायब. इव्हान्सना तो केशर वेचणारा मुलगा वाटला, आणि त्यांच्या चित्रकारानं तुकड्यांमधली रिकामी जागा भरून मुलगा पुरा केला. अंग निळं का, हा प्रश्न कुणाला फारसा टोचला नाही. पुढे निकोलाओस प्लॅटन यांनी तुकडे नीट पाहिले, तर आकृतीला शेपूट! तो मुलगा नव्हताच, माकड होतं. नंतर थेरा बेटावर अक्रोतिरीच्या उत्खननात भिंतभर निळी माकडं निघाली आणि शंकेला जागाच उरली नाही. क्रीटच्या मिनोअन संस्कृतीवरच्या पुस्तकात हे चित्र कुठलं छापलंय ते पाहा. मुलगा असेल आणि खाली खुलासा नसेल, तर लेखक इव्हान्सच्या पुढे गेलेला नाही. या एका चित्रानं माझे बरेच पैसे वाचवले आहेत.

पण माझा जीव खरा अडकतो तो क्रमांकात. वस्तूचा उत्खनन-क्रमांक किंवा संग्रहालयातला क्रमांक छापणं म्हणजे वाचकाच्या हातात किल्ली देणं. २००० साली न. झा आणि न. स. राजाराम यांचं सिंधू लिपी उलगडल्याचा दावा करणारं पुस्तक गाजत होतं. त्यात हरप्पा संस्कृतीतल्या घोड्याची मुद्रा होती. चित्र संगणकानं ‘सुधारलेलं’, पण क्रमांक दिलेला : मॅके ४५३. त्या क्रमांकावरून मायकेल विट्झेल आणि स्टीव्ह फार्मर अर्नेस्ट मॅके यांच्या मोहेंजोदडोच्या जुन्या अहवालातल्या मूळ छायाचित्रापर्यंत पोचले. मुद्रा तुटकी होती, आणि उरलेला भाग नेहमीच्या एकशिंगी बैलाचा मागचा अर्धा भाग होता. त्यांचा लेख त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘फ्रंटलाइन’मध्ये आला. क्रमांक नसता तर तो घोडा अजून चौखूर उधळत असता.

याच्या उलट दोराकचं प्रकरण. जेम्स मेलार्ट म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. तुर्कस्तानातलं चाताल-ह्यूयूक जगापुढे आणलं ते त्यांनीच. १९५९ साली ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये त्यांनी दोराक गावाजवळच्या राजेशाही दफनांतल्या खजिन्याची चित्रं छापली. सगळी हातानं काढलेली. त्यांचं म्हणणं असं की आगगाडीत एक तरुणी भेटली, तिनं इझमीरच्या घरी नेऊन खजिना दाखवला, चित्रं काढू दिली, फोटो मात्र काढू दिले नाहीत. तो खजिना त्यानंतर कुणाच्याही दृष्टीला पडलेला नाही. ना क्रमांक, ना संग्रहालय, ना फोटो. मग तपासणार काय? मेलार्ट २०१२ साली वारले. चाताल-ह्यूयूकची म्हणून त्यांनी नंतर प्रसिद्ध केलेल्या काही भित्तिचित्रांचे कच्चे खर्डे त्यांच्या लंडनच्या घरी सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. तरी मातृदेवतेवरच्या पुस्तकांत ती रेखाटनं अजून भेटतात, आणि मी ते पुस्तक मुकाट्यानं फडताळात परत ठेवतो.

आपल्याकडे हीच परीक्षा दायमाबादच्या रथावर घेता येते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठी १९७४ साली झाडाचं खोड खणताना ब्राँझचे चार नग निघाले : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. बहुतेक पुस्तकांत खाली ठासून ‘उत्तर हरप्पा’ असं लिहिलेलं असतं. पण ही शिल्पं पुरातत्त्वज्ञांच्या खोदकामात, ठरावीक थरात मिळालेली नाहीत. नंतर तिथं उत्खनन करणारे एस. ए. साळी त्यांना उत्तर हरप्पा काळातली मानतात, तर डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून ती बरीच अलीकडची असू शकतील अशी शंका काढली होती. मला साळींची बाजू पटते. तरीही चित्रओळीत ‘उत्खननाबाहेर सापडलेले’ एवढे दोन शब्द हवेतच. माझ्या कपाटातल्या मराठी पुस्तकांनी रथाची लांबी दिली आहे, बैलांचं कौतुक केलं आहे. हे दोन शब्द मात्र क्वचितच कुणी छापले आहेत.