मेंदूतील निरोप आणि वार्धक्य



नवापूरच्या किनाऱ्यावर जाळे सांधीत बसलेला वृद्ध तांडेल आपण सर्वांनी पाहिलेला आहे. गाठ तीच, हातही तेच. पण तरुणपणी जी गाठ पापणी लवण्याच्या आत पडे, तिला आता वेळ लागतो. आपण म्हणतो, "वय झाले." पण वय झाले म्हणजे नेमके काय झाले? या प्रश्नाचे निदान एक उत्तर मेंदूत सापडते.

मेंदूतील बहुतेक मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये फट असते. एका मिलिमीटरचे ५० हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी. तरीही ती खाडीच होय. अलीकडच्या पेशीतून आलेला विजेचा निरोप काठाशी थांबतो. तेथे एक रासायनिक द्रव्य सुटते, पलीकडे जाते आणि आपल्या ठरलेल्या धक्क्यालाच लागते. होडी धक्क्याला लागली की निरोप पोचला. हालचालीचे निरोप नेणाऱ्या अशा द्रव्यांपैकी एकाचे नाव डोपामीन.

या द्रव्याचे महत्त्व जगाला कळले, त्या कथेचा आरंभ काही अंशी आपल्या मुंबईत आहे. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे सप्रमाण मांडले, आणि पाश्चात्त्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन वेगळे काढण्यात आले. १९५७ साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसले. मग ज्यापासून शरीर डोपामीन बनविते तो डोपा टोचताच ते पुन्हा हिंडू लागले! रेसर्पीनने मेंदूतील होड्याच रिकाम्या केल्या होत्या. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिविझ यांना कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूत डोपामीनची मोठी तूट आढळली.

गंमत अशी की, हा डोपा आपल्या रानातल्या खाजकुइलीच्या बियांतही असतो. दामोदरन व रामस्वामी यांनी तो १९३७ मध्येच त्या बियांतून वेगळा काढला होता. म्हणून कोणी बिया कुटून खाऊ नयेत. मात्रा चुकली तर अपाय होतो.

आता वार्धक्याकडे वळू. वयाबरोबर या खाडीतील वाहतूक सर्वांचीच मंदावते. डोपामीन बनविणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, आणि पलीकडचे काही धक्केही तारुण्यानंतर दर दहा वर्षांनी शेकडा सुमारे ५ ते १० या प्रमाणात घटतात. तांडेलाच्या गाठीला लागणारा वेळ काही अंशी यातला. तो रोग नव्हे. त्याचे कौशल्य शाबूत आहे; त्याला फक्त थोडा अवकाश द्यावयाचा.

परंतु स्वस्थ बसले असता एकच हात कापू लागणे, चालताना एक हात न हलणे, अक्षर बारीक होत जाणे, चेहऱ्यावरचे भाव मावळणे, ही लक्षणे निराळी. येथे पुष्कळसा साठा आधीच संपलेला असतो. रक्तदाबाच्या किंवा मनोविकारांच्या काही औषधांनीही असेच घडू शकते, आणि ते औषध वैद्यकीय सल्ल्याने बदलल्यास बहुधा सुधारते. कंपवात समूळ बरा होत नाही, पण डोपाने अनेकांची कैक वर्षे सुसह्य होतात.

"म्हातारपण आहे, चालायचेच," हे वाक्य आपण मायेनेच उच्चारतो. पण त्या वाक्यामुळे एखाद्या आजोबांचा उपचार राहून जातो. तेव्हा ते उच्चारण्यापूर्वी त्यांच्या हाताकडे एकदा नीट पाहावे, एवढीच विनंती.