लसीच्या पेटीतील पिवळा फेस

उन्हाळ्यात आपल्या चिमूर तालुक्यात पारा 45 अंशांच्याही वर चढतो. तशा दिवसांतही आरोग्यसेविका खांद्यास एक लहानशी पेटी अडकवून नेरी, भिसी, खडसंगीकडील वस्त्यांवर जातात. पेटीत बालकांच्या लसी असतात, व त्या 2 ते 8 अंशांच्या दरम्यानच राहिल्या पाहिजेत. उष्णतेने लसीचा गुण गेला तरी ती डोळ्यांस पूर्वीसारखीच दिसते. म्हणून कुपीवर रंग पालटणारी खूण चिकटविलेली असते. पेटीत वीज नाही की यंत्र नाही. पाणी गोठविलेले चार आईसपॅक काय ते. मग बाहेरची उष्णता अडवितो कोण? पेटीच्या दुहेरी भिंतींत भरलेला पिवळसर टणक फेस. यास पॉलियुरेथेन म्हणतात.

हा पदार्थ 1937 साली जर्मनीतील लेव्हरकूझेन येथे ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केला. पॉलिऑल व आयसोसायनेट हे दोन द्रव एकत्र करताच त्यांचे कण एकमेकांस साखळीसारखे जोडले जातात, व त्या क्रियेत पुष्कळ उष्णता निघते. मिश्रणात सहज वाफ होणारा एक द्रव आधीच घातलेला असतो. त्या उष्णतेने त्याची वाफ होऊन असंख्य बुडबुडे उठतात, आणि ते फुटण्यापूर्वीच त्यांच्या भिंती घट्ट होतात. अशा फेसाच्या शंभर भागांत घन पदार्थ जेमतेम तीन भाग. बाकी सारा कोंडलेला वायू! घोंगडीची ऊब जशी लोकरीत अडकलेल्या हवेची, तसेच येथेही खरे काम वायूचे होय. हा वायू हवेहूनही मंद उष्णतावाहक असल्याने, थर्माकोलचा दीड बोट थर जे काम करील ते हा फेस एका बोटात करतो. गादीतला मऊ फेस याच कुळातला. पण त्याचे बुडबुडे उघडे असतात, म्हणून तो दाबला जातो.

अलीकडील सुधारणा मुख्यतः या वायूतच झाल्या आहेत. पूर्वीचा सीएफसी-11 ओझोनच्या थरास घातक ठरला, व 1987 च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो हळूहळू हटविण्यात आला. त्याच्या जागी आलेला एचसीएफसी-141बी कमी घातक, तरी निर्दोष नव्हे. त्याचा वापर भारताने 1 जानेवारी 2020 पासून बंद केला. आता सायक्लोपेंटेन पुष्कळ ठिकाणी वापरतात. तो ओझोनचे काही बिघडवीत नाही, परंतु ज्वालाग्राही असल्याने कारखान्यात फार जपावे लागते. पॉलिऑल बहुधा खनिज तेलापासून करतात. तथापि आपल्या परिचयाचे एरंडेलही या कामी चालते, हे पाहून आम्हांस मौज वाटली.

फेस इतका चोख काम करतो की, कधी भय उलट बाजूने असते. धनुर्वाताच्या व काविळीच्या लसी गोठल्या तर वाया जातात. म्हणून आईसपॅक शीतपेटीतून काढून काही वेळ बाहेर ठेवतात, आणि हलविल्यावर आत पाण्याचा आवाज आला म्हणजेच पेटीत घालतात.

पेटीस तडा गेल्यास वायू हळूहळू निसटतो, ओल शिरते व पेटीचा गुण उतरतो. अशी पेटी किंवा जुन्या शीतकपाटाचा फेस घरी चुलीत मात्र घालू नये. जळताना त्यातून अत्यंत विषारी धूर निघतो.