उघडता येणारा सांधा

कृष्णाकाठी मेणवलीत नाना फडणवीसांच्या अठराव्या शतकातील वाड्याचा सागवानी सांगाडा अजूनही उभा आहे, आणि अशा सांगाड्याची भिस्त खिळ्यांपेक्षा कुसवांवर अधिक असते. कुसू म्हणजे लाकडाचे टोक तासून काढलेली चपटी जीभ. ती दुसऱ्या लाकडात पटाशीने कोरलेल्या भोकात बसवून आडवी खुंटी ठोकली की सांधा पक्का होतो. यातली खरी कारागिरी खुंटीच्या भोकात दिसते. कुसवातले भोक, कुसू जिथून सुरू होते त्या खांद्याकडे, अगदी किंचित सरकवून पाडलेले असते, त्यामुळे खुंटी आत जाताना कुसवालाही आत ओढून घेते आणि सरस न लावताही फट राहत नाही.

लाकूड वाळल्यावरही हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असला, तरी रुंदीत तो जाणवतो, आणि ओले सागवान पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आक्रसते. महाबळेश्वरात वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर जत-आटपाडीकडे त्याचा साधारण दहावा हिस्सा. त्यामुळे एकीकडे घडवलेले दार दुसरीकडे नेल्यास त्याचे सांधे हलणारच. कुसू ही हालचाल पुष्कळशी सोसते. खिळा मात्र अशा हालचालीने सैल होतो आणि दमट हवेत गंजून भोवतालचे लाकूडही काळे पाडतो. पेटीच्या कोपऱ्याला डव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारे दाते एकमेकांत गुंतवलेला सांधा, उत्तम. कारण पेटीची बाजू बाहेर ओढली गेली तरी दाते निसटत नाहीत.

प्लायवुडचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते फारसे हलत नाही. तिथे फेव्हिकॉल आणि स्क्रू योग्यच आहेत, आणि त्यांना कमअस्सल मानणे अन्यायाचे ठरेल. भुशाच्या फळीत मात्र एकदा काढलेला स्क्रू पुन्हा तसा पकड घेत नाही. अखंड लाकडातही चिकटवणीला मर्यादा आहे: रेषांच्या बाजूने ती घट्ट धरते, कापलेल्या टोकाला मात्र रस आत शोषला जाऊन सांधा कच्चा राहतो.

तरीही चिकटवलेला सांधा भक्कम असून पुन्हा उघडता कसा येतो, यासाठी मिरजेचा तंबोरा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाळलेला भोपळा आणि तुणीच्या लाकडाची दांडी यांना गुलू नावाचा गळ्याचा लाकडी तुकडा जोडतो, आणि तारांचा ताण त्या जोडावर दिवसरात्र असतो. या कामात परंपरेने जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला सरस वापरतात, जो वाळल्यावर कडक होतो, पण ऊब आणि ओलावा मिळाल्यावर सुटतो. भोपळा तडकला तर वाद्य न तोडता तो सांधा मोकळा करता येतो आणि जुन्या दांडीला नवा भोपळा बसवता येतो.