उपकारस्तुती : कापसाच्या मुलखातला एक शब्द

२०१७ साल यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी विसरलेला नाही. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला वणी तालुक्यातल्या एका खेड्यातल्या लहानशा ख्रिस्ती मंदिरात रात्रीच्या उपासनेला मी गेलो होतो. मी ख्रिस्ती नाही. शब्दांच्या मागे फिरण्याचा मला नाद आहे आणि 'उपकारस्तुती' हा शब्द मला तिथे घेऊन गेला होता.

सरत्या वर्षाच्या रात्री लोक एकेक करून उभे राहतात आणि वर्षभरात देवाने काय केले ते सांगतात. याला 'साक्ष' म्हणतात. सत्तरीतले एक काकाजी उठले. आडव्या हाताने कपाळ पुसत म्हणाले, "कापूस गेला. आमी नाई गेलो. शेजारच्यानं दोन पायल्या जवारी देल्ली, थे खाऊन राह्यलो. त्याचे उपकार सांगतो, अन् देवाचेबी." एवढे बोलून ते बसले. पुढे ढोलकीवर भजन सुरू झाले. मला मात्र ते वाक्य सोडीना. ज्याचे पीक गेले त्याने आभार कशाचे मानायचे? आणि त्याला समाधानी राहा असे सांगणे हा धर्म, की त्याच्या दुःखाची थट्टा?

आधी शब्द पाहू. 'आभार' या शब्दात 'भार' आहे. आपण उपकाराच्या ओझ्याखाली दबतो, उपकार फेडतो, फिटले नाहीत तर मिंधे होतो. मराठी माणसाच्या मनात उपकार आणि कर्ज एकाच वहीत मांडलेले असतात. कर्जाने पिचलेल्या मुलखात तर हे अधिकच खरे. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले. पुढे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यातही यवतमाळ होते. इथे 'देणे' हा शब्द कानावर पडला की छाती धडधडते.

मराठी बायबलमधल्या 'उपकारस्तुती' या जोडशब्दाने नेमकी हीच गाठ सोडवली आहे. उपकार आहेत, पण त्यांच्यापुढे 'फेड' नाही, 'स्तुती' आहे. जे फिटण्यासारखे नाही ते फेडायचे नसते, बोलून दाखवायचे असते. प्रभुभोजनाच्या विधीला ख्रिस्ती जगात जे जुने ग्रीक नाव आहे, 'युखारिस्त', त्याचाही अर्थ आभार मानणे असाच आहे. शुभवर्तमानांप्रमाणे येशूने भाकर हाती घेऊन आभार मानले ते पकडले जाण्याच्या रात्री. म्हणजे या परंपरेत आभाराचा जन्म सुगीत नाही, संकटाच्या तोंडावर झाला आहे.

अर्थात सुगीचे आभारही आहेत. नवे धान्य आधी देवापुढे ठेवण्याची रीत आपल्या नवान्न पौर्णिमेला आहे, तशीच ती बायबलच्या अनुवाद या पुस्तकात आहे. शेतकऱ्याने पहिल्या उपजाची टोपली घेऊन यावे आणि देवापुढे आपल्या कुळाची हकिगत सांगावी : पूर्वज भटके होते, परक्या देशात गुलाम झाले, तिथून सुटले, मग ही जमीन मिळाली. शेवटी त्या उपजाचा आनंद घरच्यांनी, लेव्यांनी आणि गावात राहणाऱ्या परक्याने मिळून घ्यावा, असेही तिथे सांगितले आहे. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी आठवण, मग अर्पण, मग वाटणी. मनात भाव दाटून येण्याची वाट कुठेच पाहिलेली नाही.

आज चर्चमध्ये दिसणारा सुगीचा सण या रूपात फार जुना नाही. १८४३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेनस्टो या गावी रॉबर्ट हॉकर नावाच्या धर्मगुरूने सुगीची खास उपासना घेतली आणि तिथून ही चाल पसरली. भारतातल्या चर्चनीही ती उचलली. आपल्याकडे लोक ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबडी, अंडी आणतात आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो, घेणारा तो कधी कधी पुन्हा लिलावात ठेवतो. बाजारात भाव पाडून मागणारा माणूस इथे हसत भाव चढवतो.

पंचांगही बघण्यासारखे आहे. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे घरात येते, कापसाची वेचणी मात्र नाताळ ओलांडून पुढे चालते. त्यामुळे इथल्या ख्रिस्ती घरांचा नाताळ ऐन वेचणीत येतो. हातात थोडा पैसा असतो, देणेकरी दारात असतात आणि मुलांना नवे कपडे हवे असतात. दिवाळीत शेजारच्या घरात जी ओढाताण, तीच नाताळात या घरात.

या ओढाताणीला उत्तर म्हणून साधेपणाची एक शिकवण या जिल्ह्यात मिशनबरोबर आली. यवतमाळला फ्री मेथडिस्ट मिशनने काम उभे केले. या पंथाची स्थापना १८६० मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाली. त्याच्या नावातल्या 'फ्री'चा एक अर्थ असा, की चर्चमधली बाके फुकट. त्या काळी पुढची बाके श्रीमंत घराणी भाड्याने घेत, गरीब मागे बसत. हे या मंडळींना मान्य नव्हते, गुलामगिरीही मान्य नव्हती. त्यांचा मूळ गुरू जॉन वेस्ली. ऑक्सफर्डला असताना वर्षाला ३० पौंड मिळत तेव्हा तो २८ पौंडांत भागवून २ पौंड दान करी. मिळकत ६० झाली, पुढे ९० झाली, तरी खर्च २८ च राहिला आणि वरचे सारे गरजूंना गेले. समाधानाची ही व्याख्या मला फार हिशेबी आणि म्हणूनच खरी वाटते. समाधान म्हणजे 'पुरे' हा आकडा आधी ठरवणे. तो ठरला नाही तर वाढलेली मिळकत वाढलेल्या हौसेत मुरते.

आता मूळ प्रश्न. ज्याच्यापाशी ३० पौंडही नाहीत त्याला हे कोणत्या तोंडाने सांगावे? समाधानाचा उपदेश गरिबाला गप्प बसवायला वापरला गेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मूळ ग्रंथ उघडून पाहिले तर निशाणा वेगळाच दिसतो. पौल फिलिप्पैकरांना लिहितो ते तुरुंगातून. समाधान आपण 'शिकलो' असे तो म्हणतो, म्हणजे ते अंगभूत नव्हते. त्यासाठी तो स्टोइक तत्त्वज्ञांचा 'स्वयंपूर्ण' या अर्थाचा शब्द घेतो आणि तो फिरवून वापरतो. कारण त्याच पत्रात, एपफ्रदीताच्या हाती मंडळीने पाठवलेल्या मदतीबद्दल तो मनापासून आभार मानतो. समाधानी माणूस मदत घेत नाही, असे नव्हे. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात अन्नवस्त्रात तृप्त राहण्याचा इशारा येतो तो धनवान होऊ पाहणाऱ्यांच्या संदर्भात. आणि याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी मालकाविरुद्ध ओरडते. जो ग्रंथ मजुरीसाठी ओरडतो, तो कमी भावात समाधान माना असे सांगेल कसा?

वारकरी परंपरा जाणणाऱ्यांना हे परके वाटू नये. पतंजलीने संतोषाला नियमांत बसवले, तुकोबांनी तृप्तीचे अभंग लिहिले आणि खोट्या प्रतिष्ठेवर कोरडेही ओढले. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. भजन आणि कीर्तन त्यांनी मराठी उपासनेत रुजवले. त्या रात्री वाजलेली ढोलकी त्याच वाटेने तिथवर पोचली होती.

उपासना संपल्यावर चहा घेताना मी विचारले, "काकाजी, पीक गेलं त्याचा राग नाही आला?"

"आला ना. बियाणंवाल्याचा आला, सरकारचा आला. उद्या पंचनाम्यासाठी तहसीलमंदी जाणं हाये." मग कप खाली ठेवत म्हणाले, "पन भाऊ, रागाची वही अलग अन् उपकाराची अलग. एकीत दुसरीचं लिवू नाई."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन वह्यांत मिळाले. कृतज्ञता म्हणजे हिशेब मिटवणे नव्हे. अन्यायाची नोंद तहसिलात करायची, शेजाऱ्याच्या दोन पायल्यांची नोंद मंडळीपुढे उभे राहून करायची. पहिली नोंद केली नाही तर माणूस लाचार होतो, दुसरी केली नाही तर एकटा पडतो. आणि या जिल्ह्यात एकटे पडणे किती महाग जाते, ते आपण जाणतो.

तेव्हापासून वर्षाच्या शेवटी मीही एका कोऱ्या पानावर काही नावे लिहितो. त्यात देवाचे नाव घालावे की नाही, हे माझे ठरलेले नाही. पण पान दर वर्षी भरते.