अंगणातील पक्षीगृह आणि झेब्रा फिंच : संगोपनाची शास्त्रीय बाजू

प्रस्तावना : घराच्या अथवा महाविद्यालयाच्या आवारात जाळीचे पक्षीगृह उभारून फिंच पाळण्याचा छंद अनेकांना असतो. या बीजभक्षी पक्ष्यांमध्ये झेब्रा फिंच विशेष लोकप्रिय आहे. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील होय. हा मूळ अधिवास लक्षात घेतल्यास संगोपनाचे बहुतेक नियम उलगडतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. पक्षीगृहाची रचना : शुष्क प्रदेशातील हा पक्षी सावली व पाणी मिळाल्यास उन्हाळा सोसतो, सततची ओल आणि वाऱ्याचा झोत मात्र त्यास घातक ठरतो. म्हणून आपल्याकडे निम्म्याहून अधिक छप्पर बंद असावे आणि नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस अडविणारी भिंत असावी. जाळीची छिद्रे १२ मिलिमीटरपेक्षा लहान असावीत, अन्यथा उंदीर व साप आत शिरतात. नव्या जाळीवरील जस्ताचा थर पक्ष्यांच्या पोटात गेल्यास विषबाधा होते. यास्तव ती व्हिनेगरने घासून धुवावी. दुहेरी दार ठेवल्यास पक्षी निसटत नाहीत.

२. आहार : राळा, वरी व बाजरी यांचे अखंड दाणे हा मुख्य आहार होय. फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल भांड्यातच टाकतो. परिणामी रिकामे भांडे भरल्यासारखे दिसते व पक्षी उपाशी राहतात. भांडे रोज फुंकून पाहावे. पावसाळ्यात बुरशी आलेले धान्य कटाक्षाने टाळावे. मादीला अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो. तो समुद्रफेस अथवा उकडून वाळविलेल्या अंड्याच्या टरफलांतून मिळतो.

३. प्रजनन : निसर्गात पावसानंतर गवताचे बी मुबलक झाले की हे पक्षी वीण करतात. पक्षीगृहात अन्न बारमाही असते. म्हणजे पक्ष्याच्या दृष्टीने अनुकूल हंगाम संपतच नाही. मादी एका वेळी ४ ते ६ अंडी घालते, ती सुमारे १२ ते १४ दिवसांत उबतात आणि पिले साधारण तीन आठवड्यांत घरटे सोडतात. लागोपाठच्या विणींनी मादी खंगते. म्हणून दोन-तीन विणींनंतर घरटी काढून घेणे आवश्यक आहे.

४. कायद्याची मर्यादा : आपली लाल मुनिया व हिरवी मुनिया याच कुळातील होत, परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये देशी मुनिया पकडणे, विकणे वा पाळणे निषिद्ध आहे. रंगवलेल्या मुनिया विकण्याचे प्रकारही आढळले आहेत. खरेदीदाराने पक्षी पिंजऱ्यातच पैदास झालेला असल्याची खात्री करावी व पावती घ्यावी. कंटाळा आला म्हणून परदेशी पक्षी मोकळा सोडणे ही दया नव्हे. तो बहुधा उपासमारीने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी मरतो.

समारोप : २०१० मध्ये झेब्रा फिंचची जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. नर पिलू प्रौढ नराचे ऐकून गाणे शिकते, या वैशिष्ट्यामुळे मेंदूविज्ञानातही हा पक्षी महत्त्वाचा मानला जातो. अशा पक्ष्याचे निरीक्षण विद्यार्थ्यांना निश्चितच उपयुक्त आहे. मात्र सुट्टीतही रोज दाणा-पाणी देणारी व्यक्ती निश्चित केल्याखेरीज कोणत्याही विभागाने पक्षीगृह उभारू नये.