भातुकली रंगते कशी

सात-आठ महिन्यांचं बाळ चमचा खाली टाकतं. आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकतं. आपली कंबर दुखते, पण बाळाचं काम चालू असतं. नजरेआड झालेली वस्तू कुठेतरी असतेच, ही समज (वस्तूचं स्थायित्व) याच सुमारास येऊ लागते. ‘बुवा कुक’ची गंमत त्यातूनच येते.

वर्ष-दीड वर्षाचं मूल रिकामा कप तोंडाला लावतं, मग आपल्यालाही पाजतं. ही भातुकलीची सुरुवात. इथे “अगं, यात चहा कुठाय?” असं विचारू नये. भुरका मारावा, फार तर साखर कमी पडल्याची तक्रार करावी.

दोनच्या आसपास काडेपेटीची रिकामी डबी फोन होते. याला प्रतीकात्मक खेळ म्हणतात, म्हणजे एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करणं. पुढे ‘क’ ही आकृती एका आवाजाच्या जागी आणि 5 ही खूण पाच बोरांच्या जागी उभी राहणार असते. तिथेही हेच कसब लागतं.

नेमकी इथेच आपण हुबेहूब खेळणी आणतो. बटण दाबलं की वाजणारा प्लॅस्टिकचा फोन फोनच राहतो. डबीचा उद्या साबणही होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली, ती केवळ स्वस्त म्हणून नव्हेत. मात्र तीन वर्षांपर्यंत चिंचोके, मणी, गोट्या हाती देऊ नयेत, घशात अडकतात.

अडीच-तीन वर्षांची दोन मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन अभ्यासिकेने 1932 मध्ये मुलांच्या अशा खेळांचे प्रकार मांडले; त्यातला हा समांतर खेळ. “मिळून खेळा ना” असा आग्रह नको. दोघांना एकसारखं बुडकुलं द्यावं, पुढचं ती बघतात.

चौथ्या वर्षी खरी भातुकली रंगते. “मी आई, तू आजारी पड हं. नाही, आधी डॉक्टर ठरवू.” खेळापेक्षा ठरवाठरवीच जास्त, आणि भाषा वाढते ती तिथेच. दुकानदार झालेली मुलगी समोरचे चुरमुरे खात नाही, कारण ते गिऱ्हाइकाचे. एरवी ती डबा रिकामा करेल! रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात हेच मांडलं: कल्पनेतल्या खेळालाही नियम असतात, आणि ते पाळताना मूल स्वतःला आवरायला शिकतं.

सर्वांत जास्त बिघडतं तेही इथेच. आपण कौतुकाने डोकावतो आणि विचारतो, “पाच रुपये नि तीन रुपये किती गं?” दुकान तिथेच बंद पडतं. बोलावलं तरच जावं, मिळेल ती भूमिका घ्यावी. भांडण झालं तर मारामारीपर्यंत जात नाही तोवर थांबावं. मांडामांडीतच बराच वेळ जातो, तेव्हा मांडलेला संसार जमल्यास रात्री तसाच राहू द्यावा.

पाच-सहाच्या पुढे लपंडाव, लगोरी. धाकट्या भावंडाला मुलं ‘कच्चा लिंबू’ करून घेतात: पळायचं सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य नाही. ही सवलत त्यांना कुणी मोठ्यांनी सुचवावी लागत नाही. आणि ती कधी काढून घ्यायची, यावरही त्यांचीच बैठक बसते.